डिस्चार्ज कार्डातून माहिती काढताना: विषबाधेच्या नोंदी घेऊन टप्प्याटप्प्याने

सांगली-मिरजेत पीजी करणारे डॉक्टर आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी मिळून जुन्या केसपेपरवर प्रोजेक्ट करतात, तेव्हा बहुतेक वेळा सुरुवातच चुकते. पहिल्याच दिवशी एखादं टूल बसवलं जातं, हजार कार्डं त्यातून काढली जातात आणि शब्दांची लांबलचक यादी हातात येते. यादीत 'डायबेटिस' असतो, पण तो पेशंटला आहे की वडिलांना, ते कळत नाही. 'व्हेंटिलेटर' असतो, पण तो लावला की फक्त लागू शकतो असं सांगितलं, हे कळत नाही. अशा यादीवरून थिसिस लिहिला तर तो चुकीचा होतो, आणि पेशंटबद्दलचे निर्णय घेतले तर ते धोक्याचे ठरतात.

या लेखात एकच प्रश्न शेवटपर्यंत धरला आहे: तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस या द्राक्षपट्ट्यातून कीटकनाशकाच्या विषबाधेने दाखल झालेल्या पेशंटपैकी कोणाला व्हेंटिलेटर लागला, आणि विष पोटात गेल्यापासून पहिलं ॲट्रोपिन (अशा विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन) मिळेपर्यंत किती वेळ गेला? तुमचा विषय सर्पदंश असो की मधुमेही पायाची जखम, टप्पे हेच राहतील.

१. प्रश्न एका वाक्यात, रकाने कागदावर

संगणक बंद ठेवा. कागदावर रकाने आखा: विषाचा प्रकार, घटनेची वेळ, पहिल्या ॲट्रोपिनची वेळ, व्हेंटिलेटर, पॅम (प्रॅलिडॉक्झिम, दुसरा उतारा) दिलं का, डिस्चार्जची स्थिती. प्रत्येक रकान्यापुढे कोणती उत्तरं चालतील ते लिहा. 'व्हेंटिलेटर' या रकान्यात 'हो' आणि 'नाही' एवढंच ठेवलंत तर पुढे अडाल. 'नोंद नाही' हे तिसरं उत्तर हवंच. कार्डात उल्लेख नसणं आणि 'लागला नाही' असं लिहिलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासा: रकाने ठरल्यावर दहा कार्डं हाताने भरून पाहा. एखादा रकाना दहापैकी नऊ कार्डांत रिकामा राहत असेल तर ती माहिती कार्डात नाहीच. ती नर्सिंग चार्टमध्ये किंवा रेफर चिठ्ठीत असेल. कितीही चांगलं टूल आणलं तरी ते कार्डात नसलेली गोष्ट काढून देणार नाही.

२. परवानगी, मग ओळख पुसणं

संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत एकही फाईल पेन ड्राईव्हवर घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही वाचून ठेवा.

ओळख पुसताना नाव, मोबाईलचे १० आकडे, आधारचे १२, आभा या आरोग्य ओळख क्रमांकाचे १४, आयपीडी (भरती) नंबर आणि एमएलसी (पोलीस केसचा) नंबर यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. राहून जातात त्या मजकुराच्या पोटातल्या गोष्टी: सोबत आलेल्या भावाचं नाव, पोलीस ठाणं, 'अमुक गावचे पोलीस पाटील' असा उल्लेख. विषबाधेच्या नोंदी नाजूक असतात. त्यात बऱ्याचदा आत्महत्येचा प्रयत्न असतो, आणि लहान गावात तारीख व वय एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणून गावाऐवजी फक्त तालुका ठेवा. तारखा सरकवायच्या असतील तर एका पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा, नाहीतर घटना ते उपचार हे अंतरच मोडेल.

सावधान: आडनावांची यादी घेऊन सरसकट पुसू नका. 'माने' पुसायला गेलात तर 'मानेला सूज'मधली मानही जाते. 'डोळे' आणि 'काळे' यांचंही तेच. आडनाव पुसण्याआधी आजूबाजूचे शब्द पाहा: आधी 'श्री', 'सौ' किंवा पहिलं नाव आहे का, नंतर 'यांनी', 'यांचा' आहे का.

आणखी एक, कळकळीने सांगतो. पेशंटचा कागद कोणत्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवून 'यातलं निदान सांग' म्हणू नका. नाव खोडलेलं असलं तरी नको. भाषिक मॉडेल वापरायचंच असेल तर ते संस्थेच्या स्वतःच्या मशीनवर चालवा.

३. मजकूर वाचण्याजोगा करणं

मराठी भाग अनेक जुन्या कार्डांत श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो. पडद्यावर तो नीट दिसतो, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर वापरल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, कारण तिथेच जास्त मोडतोड होते.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'ॲट्रोपिन'मधला 'ॲ' तीन तऱ्हांनी टाईप झालेला सापडतो: एकसंध अक्षर म्हणून, 'अ'ला चंद्र जोडून, आणि हिंदी कीबोर्डवरचा 'ऍ' म्हणून. पहिल्या दोहोंतला फरक डोळ्यांना जाणवत नाही आणि तिसरा वाचताना सहज निसटतो, पण संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. 'ऱ्या'चंही तसंच. शोध सुरू करण्याआधी सगळी रूपं एकाच रूपात आणा आणि देवनागरी आकडे व रोमन आकडे एकसारखे करा.

हस्तलिखित कागदांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या हस्ताक्षरावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवून मिळालेल्या मजकुरावर विश्वास ठेवू नका. आवश्यक तेवढेच कागद निवडून माणसाकडून टाईप करून घ्या. ०.६ मधला टिंब हरवला तर ॲट्रोपिनचा डोस दहापट होतो.

४. आधी वाचा, मग खुणा करा

निदान दोनशे कार्डं बाजूला काढा. ती एकाच महिन्याची किंवा एकाच युनिटची नकोत. हंगाम बदलला की फवारणीची औषधं बदलतात आणि रेसिडेंट बदलला की लिहिण्याची पद्धत बदलते.

दोन जणांनी, एकमेकांचं न बघता, त्याच कार्डांवर खुणा करायच्या. त्यातला एक तरी डॉक्टर हवा. डोक्कॅनो किंवा लेबल स्टुडिओ यांसारखं मोफत साधन पुरतं. मग दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कॅपाने मोजा. ०.८ च्या आसपास किंवा वर असेल तर पुढे जा. खूप कमी आलं तर दोघांना दोष न देता नियमांकडे बघा, ते संदिग्ध आहेत. '? ओपी पॉयझनिंग' (ओपी म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट, कीटकनाशकांचा एक वर्ग) याला निदान म्हणायचं की शंका, हे लिहून ठेवलेलं नसेल तर प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो.

सावधान: कार्डांचे दोन गट करताना, एक टूलला शिकवायला आणि एक ते तपासायला, गट पेशंटनुसार पाडा. कागदानुसार पाडलेत तर एकाच पेशंटचं ॲडमिशन पेपर एका गटात आणि डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या गटात जाईल, आणि टूल आहे त्यापेक्षा हुशार भासेल. तपासणीचा गट शेवटपर्यंत उघडू नका.

५. कार्डाचे भाग पाडणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. डिस्चार्ज कार्डाला साधारण ठरलेले भाग असतात: तक्रारी, पूर्वेतिहास, कौटुंबिक इतिहास, तपासणी, रिपोर्ट, वॉर्डमधला प्रवास, दिलेले उपचार, घरी जातानाचा सल्ला. एकाच शब्दाचा अर्थ भागागणिक बदलतो. शेवटी मराठीत लिहिलेलं असतं: 'धाप लागल्यास, उलट्या झाल्यास किंवा शुद्ध हरपल्यास त्वरित दवाखान्यात आणावे.' यातलं काहीही पेशंटला झालेलं नाही. हा भाग आधीच वेगळा काढला तर चुकीच्या नोंदींचा मोठा गठ्ठा एका फटक्यात कमी होतो.

शीर्षकं सगळ्या युनिटमध्ये सारखी नसतात. कुठे 'कोर्स इन वॉर्ड', कुठे 'हॉस्पिटल कोर्स', कुठे काहीच नाही, नुसता नवा परिच्छेद. दिसतील तितकी शीर्षकं यादीत टाका आणि शीर्षक नसलेल्या परिच्छेदाला 'अज्ञात' असा शिक्का मारा. अंदाजाने भाग ठरवू नका.

६. संक्षेप सोडवणं

'एसपीओटू ९८ टक्के ऑन आरए' या ओळीतला 'आरए' म्हणजे रूम एअर, ऑक्सिजन न लावता साधी हवा. परदेशी कागदांवर शिकलेलं टूल त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवात, समजू शकतं, आणि मग विषबाधेच्या निम्म्या पेशंटना संधिवात निघतो. 'आर/ओ तासगाव' म्हणजे तासगावचा रहिवासी, पण 'आर/ओ ओपी पॉयझनिंग' म्हणजे ते आहे का हे पाहा. 'एस/ओ' नावापुढे आला तर 'चा मुलगा', रिपोर्टात आला तर 'असं सुचवणारं'. 'ओडी' औषधापुढे आला तर दिवसातून एकदा, डोळ्यांच्या विभागात उजवा डोळा.

यावर उपाय म्हणजे स्वतःची संक्षेपांची वही. रकाने तीन: संक्षेप, कोणत्या भागात, अर्थ. इंटरनेटवरून उतरवलेली यादी इथे उपयोगाची नाही. वॉर्डमधल्या सिस्टर आणि सीनिअर रेसिडेंट यांच्यासोबत एक तास बसलात तर जे कळेल ते कुठल्याही शब्दकोशात नाही.

तपासा: एका संक्षेपाचे दोन अर्थ निघत असतील आणि भागावरूनही निकाल लागत नसेल, तर ती जागा माणसाकडे पाठवा.

७. आहे की नाही, कोणाला, कधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शब्द सापडल्यावर त्याला चार प्रश्न विचारायचे: आहे की नाकारलं आहे? नक्की आहे की शंका? पेशंटला आहे की दुसऱ्या कोणाला? आत्ताचं आहे की जुनं, की पुढे होऊ शकेल असं?

इंग्रजी मजकुरासाठी २००१ मध्ये आलेला नेगएक्स आणि त्याचाच विस्तार असलेला कॉन्टेक्स्ट हे नकार वगैरे ओळखणारे नियमांचे संच आहेत. मेडस्पेसी या पायथनच्या साधनात ते तयार मिळतात. इंग्रजी भागाला ते वापरा, पण एक जागा सांभाळा: 'नो एच/ओ डीएम, एचटीएन, टीबी, बीए, आयएचडी' (मधुमेह, रक्तदाब, क्षय, दमा, हृदयविकार यांचा पूर्वेतिहास नाही) अशी ओळ आली की नकार पाचही आजारांना लागू होतो. नियमाची पोच कमी असेल तर नकार पहिल्या दोघांना लागतो आणि शेवटचे तिघे पेशंटच्या माथी येतात.

मराठी भागाला मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे नकार मागून येतो: 'ताप नाही, उलटी नाही, झटके आले नाहीत.' नकार शब्दाच्या आधी येतो असं धरणारा नियम 'ताप' हो म्हणेल आणि 'उलटी' नाकारेल, कारण मधलं 'नाही' त्याला पुढच्या शब्दाचं वाटतं. स्वल्पविरामापर्यंत एकेक तुकडा घ्या आणि तुकड्याच्या शेवटी नकार शोधा.

पुढचा पेच याहून अवघड आहे. 'झोप लागत नाही', 'लघवी होत नाही', 'भूक लागत नाही' यांत 'नाही' हीच तक्रार आहे. 'ताप उतरला नाही' म्हणजे ताप आहेच. असे वाक्प्रयोग नकाराचे नियम चालण्याआधीच पूर्ण उचलून तक्रार म्हणून नोंदवा. क्रम उलटा झाला तर लघवी बंद झालेल्या पेशंटची नोंद निरोगी म्हणून होते.

आता व्हेंटिलेटर. आमच्या प्रश्नातला हा सर्वात फसवा रकाना. संमतीपत्रात वाक्य असतं: 'पेशंटला व्हेंटिलेटर लागू शकतो, हे नातेवाईकांना समजावून सांगितले.' रेफर चिठ्ठीत असतं: 'व्हेंटिलेटर बेड उपलब्ध नसल्याने पुढे पाठवत आहोत.' वॉर्डच्या नोंदीत असतं: 'वॉच फॉर इंटरमीडिएट सिंड्रोम, मे नीड व्हेंटिलेटर.' ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये ही श्वास अडखळण्याची अवस्था साधारण २४ ते ९६ तासांत येते, त्यामुळे असा इशारा जवळपास प्रत्येक केसपेपरवर असतो. तिन्ही ठिकाणी शब्द आहे, व्हेंटिलेटर लावलेला नाही. 'हो' लिहायचं ते नळी टाकल्याची वेळ, मशीनचं सेटिंग किंवा 'एक्स्ट्यूबेटेड' (नळी काढली) अशी घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असेल तेव्हाच.

सावधान: 'औषध घेतलं' हे वाक्य आपल्या भागात दोन्हीकडे लागतं, गोळी घेतली तरी आणि विष प्यायलं तरी. तक्रारींच्या भागात, 'शेतात', 'फवारणीचं', 'रागाच्या भरात' अशा शब्दांजवळ आलं तरच विष धरा. हेतू काय होता, हे मात्र मशीनला कधीही ठरवू देऊ नका. डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच घ्यायचं, नसेल तर 'नोंद नाही'.

८. ऑन्टोलॉजीला जोडणं

ऑन्टोलॉजी म्हणजे संकल्पनांची अशी मांडणी, की कोणती गोष्ट कशाचा प्रकार आहे आणि कशामुळे होते हे संगणकाला विचारता येतं. कोड नुसते चिकटवून थांबलात तर तिचा उपयोग झालाच नाही.

आजार आणि पदार्थांसाठी स्नोमेड सीटी, हा वैद्यकीय संकल्पनांचा आंतरराष्ट्रीय कोडसंग्रह, घ्या. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, त्यामुळे देशात ते विनामूल्य वापरता येतं. परवाना पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो. लॅबच्या तपासण्यांना लॉइंक हा कोडसंग्रह. आयसीडी-१० ही आजारांच्या वर्गीकरणाची यादी अहवालासाठी ठेवा, पण त्यावर सगळं उभारू नका. कारण आमच्याच उदाहरणात दिसतं: टी६०.० या एकाच कोडमध्ये ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट दोन्ही आहेत, तर टी६०.३ मध्ये तणनाशकं आणि बुरशीनाशकं एकत्र. द्राक्षबागेत बुरशीनाशकांची फवारणी भरपूर होते. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आणि पॅराक्वाट हे जीवघेणं तणनाशक एकाच कोडखाली गेले तर पेशंटच्या गंभीरतेबद्दलचा निष्कर्ष पार बिघडतो.

जोडणीचा क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा स्थानिक तक्ता: नातेवाईकांनी सांगितलेलं किंवा बाटलीवरचं ब्रँडचं नाव आणि त्यातला मूळ घटक. हा तक्ता कृषी सेवा केंद्रात जाऊन, बाटलीवरचं लेबल वाचून भरा. ऐकीव माहितीवर नको. एका घटकाचे अनेक ब्रँड असतात, आणि नावाने मिळतेजुळते ब्रँड वेगळ्या घटकांचे असतात.

मग घटकावरून वर्ग. क्लोरपायरिफॉस, डायक्लोरव्हॉस, प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट. मेथोमिल, कार्बोफ्युरान कार्बामेट. सायपरमेथ्रिन पायरेथ्रॉइड. क्लोरपायरिफॉस ५० टक्के आणि सायपरमेथ्रिन ५ टक्के असं मिश्रण बाजारात सर्रास मिळतं. ते दोन्ही वर्गांखाली जायला हवं. एकाच वर्गात बसवण्याचा हट्ट धरलात तर एक बाजू हरवते.

त्यानंतर योग्य शाखा. स्नोमेडमध्ये 'क्लोरपायरिफॉस' हा पदार्थ एका शाखेत आहे आणि विषबाधा आजारांच्या शाखेत, दोन्ही 'कारक घटक' या नात्याने जोडलेले. नवखे लोक शोधात पहिला दिसेल तो कोड उचलतात आणि पेशंटच्या निदानाच्या रकान्यात रसायन जाऊन बसतं. निदानाच्या रकान्यात फक्त आजारांच्या शाखेतला कोड चालेल, असा नियम प्रोग्रॅममध्येच घाला.

हे झालं की प्रश्न विचारता येतो: ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा आणि तिच्या खालचे सगळे प्रकार द्या. कार्डावर 'ऑर्गॅनोफॉस्फेट' हा शब्द एकदाही नसला, नुसतं ब्रँडचं नाव असलं, तरी तो पेशंट यादीत येतो. एवढी मेहनत करायची ती यासाठीच.

पेशंटच्या तोंडच्या मराठी शब्दांचा वेगळा तक्ता लागेल: धाप, फेफरं, तोंडाला फेस, अंग थरथरणं. विभक्ती लागून रूप बदलतं, 'पोटात', 'पोटाला', 'पोटातून', म्हणून मूळ रूपावर आणून मगच जुळवा. नेमकी संकल्पना मिळाली नाही तर एक पायरी वरची व्यापक संकल्पना जोडा आणि शेजारी 'व्यापक' असं लिहा. अथणी, रायबागकडून मिरजेत येणाऱ्या पेशंटच्या कागदांत कानडी शब्दही आढळतील. ते गाळू नका, कानडी येणाऱ्या सहकाऱ्याकडून तक्त्यात भरून घ्या.

सावधान: भाषिक मॉडेलला स्नोमेडचा कोड विचारू नका. ते बेधडक आकडा देतं, आणि तो आकडा अस्तित्वातच नसतो किंवा भलत्याच गोष्टीचा असतो. मॉडेलकडून फक्त मूळ कागदातलं वाक्य उचलून घ्या, ते कागदात अक्षरशः आहे का हे प्रोग्रॅमने ताडून पाहा, आणि कोड अधिकृत फाईलमधूनच शोधा.

९. वेळ आणि आकडे

'१०/१२/२३' ही आपल्याकडे १० डिसेंबर. पायथनमधली काही नेहमीची साधनं न सांगता तिला १२ ऑक्टोबर समजतात, आणि '२५/१२/२३' आली की गुपचूप बरोबर वाचतात, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. दिवस आधी, असं स्पष्ट सांगून ठेवा.

'काल संध्याकाळी' हे ॲडमिशनच्या तारखेवरून मोजा, डिस्चार्जच्या नाही. 'सकाळी ९ च्या सुमारास' याला ९:०० लिहा आणि बाजूला 'अंदाजे'. पहिलं ॲट्रोपिन बऱ्याचदा ग्रामीण रुग्णालयातच दिलेलं असतं. मोठ्या रुग्णालयातली वेळ धरली तर उपचार उशिरा झाला असा खोटा निष्कर्ष निघतो आणि तालुक्याच्या डॉक्टरांवर अन्याय होतो. रेफर चिठ्ठी नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा.

ॲट्रोपिन '५ ॲम्प' असं लिहिलेलं असतं. ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं असल्याची खात्री करा, मग ३ मिलिग्रॅम धरा. कोलिनेस्टरेज (या विषबाधेत तपासलं जाणारं रक्तातलं एन्झाइम) एका लॅबमध्ये ५३०० तर दुसरीत ५.३ येतं. एकक वेगळं, किंमत तीच. एकक नसलेला आकडा घेऊ नका.

१०. शेवटची तपासणी

आता तो बंद ठेवलेला गट उघडा. प्रत्येक रकान्याचा हिशेब वेगळा मांडा, एकच सरासरी देऊ नका. समजा, शंभर पेशंटना खरंच व्हेंटिलेटर लागला, टूलने नव्वद दाखवले आणि त्यातले एक्क्याऐंशी बरोबर. म्हणजे टूलच्या 'हो'वर ९० टक्के भरवसा, पण सापडले फक्त ८१ टक्के. थिसिसमध्ये दोन्ही आकडे लिहा.

टूलने जे दाखवलं तेवढंच तपासणं ही फार मोठी चूक आहे. जिथे काहीच सापडलं नाही अशी पन्नास कार्डं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि पूर्ण वाचा. निसटलेल्या केसेस तिथेच मिळतात.

तक्त्याच्या प्रत्येक ओळीत मूळ वाक्य, त्याचा भाग, स्नोमेडच्या कोणत्या तारखेच्या आवृत्तीवरून कोड घेतला ते, आणि तुमच्या ब्रँड-तक्त्याची आवृत्ती ठेवा. कोणी शंका काढली तर थेट वाक्यावर बोट ठेवता यायला हवं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाजारात नवे ब्रँड आलेले असतात आणि तोवर रेसिडेंटची नवी बॅचही रुळलेली असते. त्या सुमारास ताज्या पन्नास कार्डांवर दहावा टप्पा पुन्हा करा, आणि ब्रँड-तक्त्यात भर घातल्याशिवाय नव्या हंगामाचे आकडे जुन्यांत मिसळू नका.